न बांधलेल्या इमारतींना क्रमांक नको

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जगातील सर्वात उंच इमारतींवर पानभर सचित्र लेख प्रसिद्ध झाला आहे. मराठी दैनिकाने या विषयाला पूर्ण पान द्यावे, याचा बांधकामाच्या क्षेत्रात उभा जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या वाचकाला आनंद झाला. मात्र लेखासोबतची दहा इमारतींची यादी वाचताना तो आनंद पहिल्याच ओळीपाशी अडखळला. यादीत पहिला क्रमांक सौदी अरेबियातील जेद्दाह टॉवरला दिलेला आहे, त्याची उंची १,००० मीटर छापली आहे, आणि हा मनोरा ढगांच्या वर डोके काढून ‘उभा आहे’ असे चित्राखाली म्हटले आहे. ते चित्र संगणकावर काढलेले आहे. प्रत्यक्षात हा मनोरा हे पत्र लिहितेवेळी क्रेनच्या सोबतीने एकेक मजला वर चढतो आहे, आणि जी इमारत १६ वर्षे लोकांनी वापरलेली आहे त्या बुर्ज खलिफाला त्याच्यासाठी दुसऱ्या क्रमांकावर सरकावे लागले आहे. माझी हरकत लेखाला नाही, या क्रमांकाला आहे.

जेद्दाह टॉवरची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ‘नियोजित’ या शब्दाच्या पोटात काय काय असते ते तिच्यातून नीट दिसते. २००८ च्या सुमारास हा मनोरा एक मैल, म्हणजे सुमारे १,६०० मीटर, उंच असेल असे सांगितले जात होते. जागेवरील जमिनीची तपासणी झाली, तेवढा भार ती पेलणार नाही असे दिसले, आणि मैलाचा किलोमीटर झाला. २०१३ मध्ये पायाचे काम सुरू झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सौदी सरकारच्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत जी धरपकड झाली तीत प्रकल्पाच्या प्रवर्तकांपैकी प्रमुख असामी आणि कंत्राटदार समूहाचे अध्यक्ष, असे दोघेही सापडले. जानेवारी २०१८ मध्ये काम थांबले आणि साठेक मजल्यांचा काँक्रीटचा सांगाडा तांबड्या समुद्राच्या खाऱ्या हवेत सात वर्षे तसाच राहिला. जानेवारी २०२५ मध्ये तेथे पुन्हा काँक्रीट पडू लागले. आता २०२८ हे साल सांगितले जाते. ते खरे ठरावे अशी माझीही मनापासून इच्छा आहे, कारण हा मनोरा अभियांत्रिकीच्या दृष्टीने विलक्षण असेल. परंतु या सर्व वर्षांत, सांगाडा पूर्ण ओस पडलेला असतानाही, वर्तमानपत्रांतील याद्यांमध्ये तो ‘जगातील सर्वात उंच इमारत’ म्हणून मिरवत राहिला होता.

हे मी आठवणीवर विसंबून लिहीत नाही. १९९८ पासून, म्हणजे क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांनी शिकागोच्या सिअर्स टॉवरचा मान घेतला तेव्हापासून, अशा याद्यांची कात्रणे एका जाड वहीत चिकटवण्याचा मला छंद आहे. ती वही परवा पुन्हा चाळली. तीत दिमाखाने झळकलेल्या कितीतरी इमारती आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाहीत. दुबईचा एक किलोमीटरहून उंच नखील टॉवर तीत आहे, जो जानेवारी २००९ मध्ये आर्थिक मंदीने थांबला आणि पुढे रद्द झाला. वास्तुविशारद सान्तियागो कालात्रावा यांचा शिकागो स्पायर आहे, ६१० मीटरचा, पिळदार, फारच देखणा. त्याचे २००७ मध्ये सुरू झालेले काम पुढच्याच वर्षी थांबले आणि शहराच्या मध्यवस्तीत सुमारे २३ मीटर खोल गोल खड्डा तेवढा उरला. चीनमधील चांगशा शहरातील ८३८ मीटरची ‘स्काय सिटी’ आहे, जी बुर्ज खलिफापेक्षा बरोबर १० मीटर उंच होणार होती आणि कारखान्यात तयार केलेले भाग जोडून ९० दिवसांत उभी राहणार होती. जुलै २०१३ मध्ये तिचे भूमिपूजन झाले, लगोलग परवानग्यांचा प्रश्न निघून काम थांबले, आणि दोन वर्षांनी बातमी आली ती अशी की पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचले असून गावकरी तेथे मासे पाळत आहेत.

हे वाचून मला मॉस्कोची आठवण झाली होती. १९३१ मध्ये तेथील ख्राइस्ट द सेव्हियर हे भव्य चर्च पाडून त्या जागी ‘सोव्हिएतांचा प्रासाद’ बांधावयास घेतला होता. माथ्यावरच्या लेनिनच्या पुतळ्यासह त्याची उंची ४१५ मीटर होणार होती, म्हणजे त्या वेळच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्याही वर. महायुद्ध आले, उभारलेले पोलाद उतरवून युद्धाच्या कामी लावले गेले, आणि पुढे १९६० मध्ये त्या पायाच्या खड्ड्यात मोठा उघडा जलतरण तलाव करण्यात आला. आज तेथे पुन्हा नव्याने बांधलेले चर्च आहे. उंचीचे हे दोन दावे शब्दशः पाण्यात गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही टिंगल नव्हे. मोठे काम अर्ध्यावर थांबणे हा बांधकामाचा नित्याचा अनुभव आहे, आणि इमारत जितकी उंच तितकी ती मधल्या काळातील मंदीला, राजकारणाला आणि मालकाच्या बदलत्या लहरींना अधिक वर्षे तोंड देत असते. तिएन्जिन येथील ५९७ मीटरचा ‘गोल्डिन फायनान्स ११७’ हा मनोरा तर २०१५ मध्ये माथ्यापर्यंत पोहोचला होता; सांगाडा पूर्ण, आत माणूस नाही, अशा अवस्थेत त्याने दहा वर्षे काढली. प्योंगयांगमधील १०५ मजल्यांचे, ३३० मीटर उंच, सुळक्यासारखे र्‍यूग्याँग हॉटेल १९८७ मध्ये बांधावयास घेतले. त्याला बाहेरून काचा लागल्या, रात्री त्यावर रोषणाईही होते, पण पाहुणा म्हणून तेथे कोणी उतरलेले नाही. अशा इमारती ‘बांधलेल्या’ म्हणाव्यात की ‘नियोजित’? आपल्या यादीत दोनच रकाने असल्यामुळे त्यांची सोय कोठेच लागत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. ‘कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट’ या नावाने अनेक वर्षे ओळखल्या गेलेल्या शिकागोच्या संस्थेचा निर्णय या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. तिच्या नियमांप्रमाणे एखादी इमारत ‘पूर्ण’ ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात: तिचा सांगाडा आणि वास्तुरचना दोन्ही माथ्यापर्यंत पोहोचलेली हवी, तिला बाहेरचे आवरण पूर्ण लागलेले हवे, आणि तिचा निदान काही भाग वापरासाठी खुला झालेला हवा. तोपर्यंत इमारतीला जागतिक क्रमवारीत अधिकृत स्थान नाही. तिची नोंद ‘बांधकाम सुरू’, ‘काम स्थगित’, ‘प्रस्तावित’ अशा वेगळ्या वर्गांत राहते. मुंबई-ठाण्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजही नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत आपण जागेचा ताबा घेऊ नये, हे येथे घर घेणारा प्रत्येक जण पोळून शिकलेला आहे. स्वतःच्या दोन खोल्यांच्या बाबतीत आपण जेवढा काटेकोरपणा दाखवतो, तेवढा किलोमीटरभर उंचीच्या मनोऱ्याच्या बाबतीत दाखवावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. नाहीतर सगळा प्रकार ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ असा होतो.

नियोजित उंचीवर विसंबता येत नाही, याचे आणखी एक कारण सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही. इमारतीची उंची पैसा आणि पाया यांच्याइतकीच विमानांच्या मार्गावरही ठरते. शेन्झेनच्या पिंग अ‍ॅन फायनान्स सेंटरला मूळ आराखड्यात सुळका होता आणि त्यासह ते ६६० मीटरचे होणार होते. हवाई वाहतुकीच्या कारणास्तव सुळका वगळला गेला आणि इमारत ५९९ मीटरवर थांबली. सहाशेला एक मीटर कमी! वुहानचे ग्रीनलँड सेंटर ६३६ मीटरचे होणार होते. काम बरेच वर गेल्यानंतर त्याच कारणाने ते ४७६ मीटरवर आणण्यात आले. आणि दूर कशाला जायचे, आपल्या लोअर परळच्या ‘वर्ल्ड वन’ची कथा वेगळी नाही. २०१० मध्ये ती ४४२ मीटर उंचीची, जगातील सर्वात उंच निवासी इमारत म्हणून जाहीर झाली. विमानतळ प्राधिकरणाकडून तेवढ्या उंचीची परवानगी मिळाली नाही आणि ती २८० मीटरवर पूर्ण झाली. माझ्या वहीतील २०१० आणि २०११ च्या कात्रणांत ती अर्थातच ४४२ मीटरची आहे. त्याच पानावर दक्षिण मुंबईतील ‘इंडिया टॉवर’ही आहे, १२६ मजल्यांचा, ७०० मीटरहून उंच, बुर्ज खलिफाच्या खालोखाल जगात दुसरा. त्याचे काम २०११ मध्ये थांबले ते कायमचेच. ते कात्रण त्या वेळी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांनी किती अभिमानाने एकमेकांना दाखवले होते ते मला आठवते, आणि त्या अभिमानात मीही होतो हे लपवण्यात अर्थ नाही.

येथे विरुद्ध बाजूचे एक उदाहरण देणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नियोजित उंची नेहमी खालीच येते असे नाही. बुर्ज खलिफा सुरुवातीला तैपेई १०१ पेक्षा, म्हणजे ५०८ मीटरपेक्षा, जेमतेम दहा मीटर उंच व्हायचा होता. वास्तुविशारद एड्रियन स्मिथ आणि संरचना अभियंता बिल बेकर यांनी त्याचा आराखडा तीन पाकळ्यांसारखा केला: मधोमध षट्कोनी गाभा, आणि त्याला तीन बाजूंनी आधार देणारे तीन पंख. एका पंखाला वारा ढकलू लागला की उरलेले दोन त्याला सावरून धरतात. उंच इमारतीचा खरा शत्रू तिचे वजन नसते, वारा असतो. इमारतीच्या दोन्ही बाजूंनी वाऱ्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या झोक्याशी जुळली, तर झोपाळ्याला ठरावीक वेळी धक्का देत राहावा तसा तो झोका वाढत जातो. म्हणून बुर्ज खलिफाचा घेर वर जाताना एका वेळी एकाच पंखाचा भाग मागे घेत, गोल जिन्यासारखा कमी होत जातो; प्रत्येक टप्प्यावर रुंदी बदलल्यामुळे भोवऱ्यांना सारखी लय सापडतच नाही. पवनबोगद्यातील, म्हणजे छोट्या प्रतिकृतीवर कृत्रिम वारा सोडून केलेल्या, चाचण्यांमध्ये ही रचना अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली वागली, आणि तिच्या बळावर उंची टप्प्याटप्प्याने वाढत ८२८ मीटरवर गेली.

त्या वर्षांत मी दुबईत नोकरीला होतो. शारजात राहायचे, पहाटे निघायचे, तासन्‌तास त्या गर्दीच्या रस्त्यावर अडकायचे, आणि दर आठवड्याला क्षितिजावरचा तो मनोरा किती वर सरकला यावर गाडीतल्या माणसांनी पैजा लावायच्या, असा आमचा क्रम होता. अंतिम उंची मालकांनी गुप्त ठेवली होती. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री टाकत आणि मिश्रणात बर्फ घालत, कारण दिवसाच्या उष्णतेत ते सेट होताना तडे जाण्याचा धोका असतो. ६०० मीटरहून अधिक उंचीवर पंपाने काँक्रीट चढवण्याचा विक्रम त्याच कामावर झाला. त्या कामावरच्या मजुरांनी मार्च २००६ मध्ये दंगा केला तेव्हा कुशल सुताराला दिवसाला साडेसात डॉलरच्या आसपास आणि बिगाऱ्याला चार डॉलर मिळत, हे जगभर छापून आले. त्यातली बरीच माणसे आपल्याच उपखंडातली होती. ही गोष्ट उंचीच्या कोणत्याही यादीत येत नाही आणि कदाचित तेथे तिची जागाही नाही, पण बुर्ज खलिफाचे नाव निघाले आणि ती सांगितली नाही, असे माझ्याकडून कधी होत नाही. २००८ च्या अखेरीस मंदी आली. मी ज्या लहानशा प्रकल्पावर होतो तो थांबला आणि आम्ही परतलो; कुंपणावरच्या फलकावर मात्र त्या इमारतीचे पूर्ण झालेले चित्र, खिडक्यांत दिवे लावलेले, पुढची कित्येक वर्षे तसेच होते असे तेथे राहिलेल्या मित्रांकडून कळत असे. ४ जानेवारी २०१० रोजी उद्घाटनाच्या दिवशी ‘बुर्ज दुबई’चा ‘बुर्ज खलिफा’ झाला, कारण अडचणीत आलेल्या दुबईला पैसा पुरवणाऱ्या अबू धाबीच्या शासकांचे ते नाव होते, आणि त्याच दिवशी ८२८ हा आकडा जाहीर झाला. म्हणजे सर्वात यशस्वी नियोजित इमारतीचीसुद्धा खरी उंची, ती पूर्ण होईपर्यंत कोणत्याही यादीला ठाऊक नव्हती.

आता पूर्ण झालेल्या इमारतींच्या आकड्यांविषयी. आपल्या यादीतील उंची इमारतीच्या वास्तुरचनेच्या टोकापर्यंत मोजलेली आहे, आणि आंतरराष्ट्रीय क्रमवारीही त्याच पद्धतीने ठरते. त्या पद्धतीत सुळका मोजतात, पण अँटेना, झेंड्याची काठी किंवा जाहिरातीचा फलक मोजत नाहीत. तत्त्वतः यात गैर काही नाही. आपण देवळाची उंची सांगताना कळस वगळत नाही, कारण कळस हा शिखराचाच भाग असतो. त्यावर कोणी ध्वनिक्षेपक बांधला तर तो मात्र मोजणार नाही. अडचण एवढीच की, आपल्या देवळात कळस शिखराच्या मानाने लहान असतो, आणि या मनोऱ्यांमध्ये काही वेळा कळसच शिखराशी स्पर्धा करतो. बुर्ज खलिफाचा, माणूस ज्यावर जाऊन उभा राहू शकेल असा शेवटचा वापराचा मजला सुमारे ५८५ मीटरवर आहे. त्यापुढचे २४० मीटरहून अधिक बांधकाम केवळ उंचीसाठी आहे. दुबईच्याच बुर्ज अल् अरब या शिडाच्या आकाराच्या हॉटेलात असा निव्वळ शोभेचा भाग एकूण उंचीच्या ३९ टक्के भरतो.

ही लबाडी जुनी आहे आणि तिच्यातही एक प्रकारची कारागिरी आहे. १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्रायस्लर बिल्डिंग आणि ४० वॉल स्ट्रीट या इमारतींमध्ये चुरस चालू असताना क्रायस्लरचे वास्तुविशारद विल्यम व्हॅन अ‍ॅलन यांनी ५६ मीटरचा पोलादी सुळका इमारतीच्या पोटातच गुपचूप जोडून ठेवला आणि प्रतिस्पर्ध्याने आपली उंची ठरवून टाकल्यावर, २३ ऑक्टोबर रोजी, सुमारे दीड तासात तो बाहेर काढून माथ्यावर बसवला. इमारत ३१९ मीटरची झाली. लगेचच आलेल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगने माथ्यावर हवाई जहाजे बांधण्याचा खांब जाहीर करून ३८१ मीटर गाठले. हवाई जहाजांची नियमित ये-जा तेथे कधीच झाली नाही. खांब मात्र उंचीत मोजला गेला. पुढे पेट्रोनास मनोरे ४५२ मीटरवर पोहोचले आणि ४४२ मीटरच्या सिअर्स टॉवरचा पहिला क्रमांक गेला तेव्हा शिकागोकरांनी जो आरडाओरडा केला, तोही निराधार नव्हता. पेट्रोनासचा शेवटचा मजला सुमारे ३७५ मीटरवर आहे आणि सिअर्सचा ४१० मीटरच्या वर. म्हणजे जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर उभा असलेला माणूस नव्या इमारतीतील माणसापेक्षा बराच वर होता, तरी इमारत खालच्या क्रमांकावर गेली. त्या वादातूनच छत, शेवटचा वापराचा मजला आणि अँटेनाचे टोक अशा वेगवेगळ्या उंचींची स्वतंत्र नोंद ठेवण्याची पद्धत पडली.

आपल्या यादीतील दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या क्रमांकांकडे या नजरेने पाहिले तर चित्र पालटते. क्वालालंपूरचा मर्डेका ११८ हा २०२३ मध्ये पूर्ण झालेला मनोरा ६७९ मीटरचा आहे, आणि ६३२ मीटरचा शांघाय टॉवर त्याच्या खाली. पण मर्डेकाचा शेवटचा वापराचा मजला ५०० मीटरच्या थोडासाच वर आहे, आणि शांघाय टॉवरचा सुमारे ५८३ मीटरवर. म्हणजे माणूस किती उंच जाऊन खिडकीबाहेर पाहू शकतो, एवढेच मोजायचे ठरवले, तर शांघाय टॉवर बुर्ज खलिफाच्या जवळजवळ बरोबरीला येतो. दोघांमध्ये साधारण एका माणसाच्या उंचीचा फरक उरतो. मर्डेकाच्या सुळक्याला दूषण देण्याचा हेतू नाही. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी टुंकू अब्दुल रहमान यांनी शेजारच्याच स्टेडियममध्ये हात उंचावून ‘मर्डेका’ अशी, म्हणजे स्वातंत्र्याची, घोषणा दिली. तो उंचावलेला हात त्या आकृतीत आहे, आणि तो पाहून मलेशियातील माणसाला जे वाटत असेल ते मीटरमध्ये मोजता येणार नाही. न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंची मुद्दाम १,७७६ फूट ठेवली, कारण त्या साली अमेरिकेचे स्वातंत्र्य जाहीर झाले. त्या माथ्यावरची काठी सुळका की अँटेना, यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या समितीला बसून निर्णय द्यावा लागला. काठी मोजली नसती तर ती इमारत ४१७ मीटरची, आणि शिकागोच्या जुन्या मनोऱ्याहून बुटकी ठरली असती.

मग कोणता आकडा छापायचा? माझे मत असे की, वास्तुरचनेची उंची आणि शेवटच्या वापराच्या मजल्याची उंची, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत. वाचक तेवढा सुज्ञ आहे. दुसरा आकडा अभियंत्याच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, कारण त्या मजल्यापर्यंत माणूस न्यायचा म्हणजे लिफ्ट, पाणी, हवा, अग्निशमन आणि सुटकेची वाट हे सगळे तेथवर न्यावे लागते. पोलादी दोराच्या लिफ्टला सुमारे ५०० मीटरपलीकडे एका दमात जाता येत नाही. दोराचे स्वतःचेच वजन त्याला झेपेनासे होते. बुर्ज खलिफातील सर्वात लांब लिफ्ट ५०४ मीटर चढते ती म्हणूनच. जेद्दाहसाठी एका फिनिश कंपनीने कार्बन तंतूचा हलका दोर तयार केला, ज्याने ती मर्यादा दुप्पट होऊ शकते. सुळक्याला यातले काहीही लागत नाही. त्याला फक्त वारा सोसावा लागतो.

या सर्वाचा आपल्या वाचकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा आहे की ‘नियोजित’ आणि ‘सर्वात उंच’ हे दोन शब्द एकत्र आले की ती बातमी राहत नाही, ती जाहिरात होते, आणि तिचा उपयोग कोण करतो हे मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने मुंबई परिसरात एका मनोऱ्यात घर नोंदवले. विक्री कार्यालयात त्याला जी माहितीपुस्तिका मिळाली तीत प्रकल्पाच्या आकड्यांबरोबर वर्तमानपत्रांतील उंचीच्या याद्यांची कात्रणे चकचकीत कागदावर छापलेली होती, आणि त्या कात्रणांत हा न बांधलेला मनोरा आधीच क्रमांक पटकावून बसला होता. मजल्यांची संख्याही मोजली तेव्हा पार्किंगचे मजले धरून आणि तेरावा वगळून क्रमांक दिलेले होते. इमारत पुढे बरीच कमी मजल्यांवर थांबली, ताबा कबूल केलेल्या वेळेनंतर काही वर्षांनी मिळाला. त्याची तक्रार योग्य त्या ठिकाणी चालू आहे आणि ती या पत्राचा विषय नाही. पण त्या पुस्तिकेतील कात्रणे खोटी नव्हती. ती वर्तमानपत्रांनी खरोखरच तशी छापली होती, ही गोष्ट मला अजून बोचते.

तेव्हा आपल्याला विनंती अशी की, यापुढे असा लेख छापताना पूर्ण झालेल्या इमारतींचीच क्रमवारी द्यावी आणि ती द्यावी तेव्हा पूर्ण झाल्याचे साल सोबत असावे. बांधकाम सुरू असलेल्या इमारतींसाठी वेगळी चौकट करावी, तीत क्रमांक नसावेत, काम कधी सुरू झाले आणि मध्ये थांबले होते का ते लिहावे. दुबईचा ७२५ मीटरचा बुर्ज अझीझी, जेद्दाह टॉवर, अशांना तेथे सन्मानाने जागा मिळेल. ज्यांच्या जागेवर अजून पाइलिंगचे, म्हणजे पायाचे खांब जमिनीत उतरवण्याचे, यंत्रही आलेले नाही अशा मैल-दोन मैलांच्या घोषणांना मात्र कोणत्याच चौकटीत घेऊ नये. फ्रँक लॉइड राइट यांनी १९५६ मध्ये शिकागोसाठी मैलभर उंचीच्या इमारतीचे चित्र मांडले होते. ते चित्र म्हणून थोर आहे आणि कोणी त्याला यादीत बसवण्याचा आग्रह धरलेला नाही. संगणकावरच्या चित्राखाली ‘संकल्पचित्र’ एवढा एक शब्द न चुकता छापावा. चीनने २०२१ मध्ये ५०० मीटरवरील नव्या इमारतींना बंदी घातल्यानंतर या यादीत पुढील काही वर्षे भर पडेल ती बहुधा आखाती देशांतून, आणि तेथील घोषणांचा वेग बांधकामाच्या वेगापेक्षा नेहमीच अधिक राहिला आहे. म्हणून ही काळजी आताच घेतलेली बरी.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, ठाणे

ता. क. – लेखाच्या डाव्या कोपऱ्यातील ‘मर्डेका ११८’ असे लिहिलेल्या छायाचित्रात मध्ये पुलाने जोडलेले दोन मनोरे दिसतात. ते पेट्रोनास आहेत. मर्डेका एकटाच आहे.